खापरं धुवायचं पण एक शिक्षण असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत 'पदवीनंतर काय' म्हणून पानभर माहिती आली, हॉटेल मॅनेजमेंटपासून ड्रोन उडवण्यापर्यंत सगळं होतं, पण पुरातत्त्वाचा साधा उल्लेख नाही. बाकी कुठल्या गावच्या पेपरात नसतं तर समजून घेतलं असतं, पण बेळगावच्या? अहो आपल्या वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातलं शहर निघालंय, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अ. सुंदरांनी 1970 च्या दशकात तिथं उत्खनन केलं. किल्ल्यात 1204 ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर आहे. खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका नगरी, आणि आपली पोरं तिथं जातात ती रील काढायला.

मी पुरातत्त्वाचा कोर्स केलाय म्हणून सांगतो. पुण्याचं डेक्कन कॉलेज, तिथं दोन वर्षांचं एम.ए., आणि त्याला इतिहासच पाहिजे असं नाही, बी.एस्सी. वाले पण येतात, कारण जुनी हाडं बघायला प्राणीशास्त्र लागतं, जळकं धान्य ओळखायला वनस्पतीशास्त्र, दगडाला भूशास्त्र. शिलालेखांची आवड असली तर धारवाडचं विद्यापीठ जवळ, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पुढं आर्किऑलॉजिकल सर्व्हेचा, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, ग्रेटर नोएडाला दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे, स्टायपेंड मिळतो, जागा मात्र अगदी मोजक्या.

पण खरं शिक्षण साइटवर. लोकांना वाटतं खणलं की मूर्ती नाहीतर सोनं निघणार, आमच्या वाट्याला येतात खापरं, पोत्यांनी. ती ब्रशनं धुवायची, सावलीत वाळवायची, मग एकेका तुकड्यावर शाईनं बारीक अक्षरात साइट, खड्डा आणि थराचा नंबर घालायचा. नंबर चुकला की ते खापर कुठल्या थरातलं ते सांगायला काही उरत नाही, त्याची निम्मी किंमत गेली. दोन दिवसात कंबर बोलायला लागते आणि निम्म्या पोरांचा उत्साह तिथंच उतरतो, ते एका अर्थी बरंच.

आता मुद्द्याचं. आपल्या भागातलं पोरगं घरात मराठी बोलतं, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, शाळेत दोन्ही लिप्या गिरवतं. शिलालेखांच्या कामात याला केवढी किंमत आहे! श्रवणबेळगोळला एकाच गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी लेख आहेत, आणि इथं आमच्याकडं नवीन दगड सापडला की दोन्हीकडचे पुढारी पहिल्यांदा विचारतात, भाषा कुठली? त्यात काय लिहिलंय हे कुणी विचारत नाही. 2020 मध्ये त्या नोएडाच्या डिप्लोमाच्या जाहिरातीत कुठल्या अभिजात भाषांचे एम.ए. चालतील ते मोजताना तमिळ राहिली, तमिळनाडूतून ओरड झाली, तेव्हा तमिळबरोबर कन्नडसुद्धा आत आली. मराठीला तो दर्जा ऑक्टोबर 2024 मध्ये मिळालाय, तेव्हा पुढच्या जाहिरातीत ती आहे की नाही यावर आपल्या पेपरांनी लक्ष ठेवावं, नुसते सत्काराचे फोटो छापून काय होणार.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. यूपीएससीमार्फत जागा निघतात पण वाट बघायला लावतात, तोवर काँट्रॅक्टवर काम, मी स्वतः एका ठिकाणी केलं तर तीन महिन्यांचा पगार अजून अडकून आहे. त्यामुळं घरचे विचारतात, यापेक्षा बी.एड. का नाही केलंस. त्यांचं चूक आहे असं पण म्हणवत नाही. म्हणूनच म्हणतो की पोराला हे सगळं आधी माहीत असावं, बरं आणि वाईट दोन्ही.

तेव्हा विनंती एवढीच, प्रवेशाच्या आधी एक पान या विषयाला द्या. आणि इथल्या कॉलेजांच्या इतिहास विभागांनी पोरांना दरवर्षी गोव्याला नेण्यापेक्षा एकदा हलशीला आणि देगावच्या कमलनारायण मंदिरात वही घेऊन न्यावं, सोबत शिलालेख वाचता येणारं कुणीतरी असावं. कुणी नसलं तर मी येतो, पैसे नकोत, जेवण चालेल.

कळावे,
आपला एक वाचक, वडगाव, बेळगाव