विषय: दुसरी व्हिजिट बाकी आहे, आणि ढेकूण शाळेतले नाहीत याचं पत्र मी आणणार नाही

मॅनेजर,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. अठरा मिनिटं, त्यातली अकरा नुसतं म्युझिक. डबल व्हिजिट पॅकेज म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचंच आहे. पहिली फवारणी झाली, दुसरी चौदा दिवसांनी होणार होती, आज तिसावा दिवस. औषधाने सगळी अंडी मरत नाहीत, ती सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसऱ्यांदा यावंच लागतं, हे तुमच्याच माणसाने गादीच्या शिवणीवर टॉर्च मारत मला समजावलं होतं. मग तो गेला कुठे?

आता आजचा फोन. मी विचारलं दुसरी व्हिजिट कधी, तर समोरची मुलगी म्हणते, मॅम, घरात शाळेत जाणारं मूल आहे का? मला वाटलं औषधाच्या काळजीने विचारतेय, म्हटलं हो, मुलगी दुसरीत आहे. मग कीबोर्डची टकटक. "मॅम, मग हे शाळेतून आलेले नवीन ढेकूण आहेत, ते वॉरंटीत बसत नाहीत." म्हटलं तुम्ही न बघता कसं ठरवलंत? तर म्हणे सिस्टीममध्ये तसा ऑप्शन आहे. म्हटलं ढेकणाच्या गळ्यात शाळेचं आयकार्ड असतं का? यावर ती एकदम शांतपणे म्हणाली, "मॅम, शाळेत ढेकूण नाहीत असं शाळेचं पत्र आणलंत तर रिक्वेस्ट टाकता येईल." पत्र! लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट का?

अहो, ढेकूण सगळे बाहेरूनच येतात, गादीत आपोआप उगवत नाहीत. त्यांना उडता येत नाही की उडी मारता येत नाही, ते दप्तरातून आणि जॅकेटमधून येतात. वर्गात रात्री कोणी झोपत नाही त्यामुळे तिथे ते सहसा घर करत नाहीत, खुंटीवर एकाला एक लागून टांगलेल्या दप्तरांतून इकडून तिकडे जातात एवढंच. म्हणजे तिथून माझ्याकडे येऊ शकतात तसे माझ्याकडून तिथेही जाऊ शकतात, आणि मला खरी भीती त्याचीच आहे. परवा दप्तराच्या चेनवरची पट्टी उलटली तर आत काळे ठिपके, ओल्या कापसाने पुसले तर तांबूस फराटा, आणि शेजारी मिठाच्या कणाएवढी दोन पांढरी अंडी. तुम्ही चौदाव्या दिवशी आला असतात तर कदाचित ही दिसली नसती.

माझ्या बाजूचं मी सगळं करतेय. दप्तर दारातच झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, पलंगावर अजिबात नाही. युनिफॉर्म आल्या आल्या ड्रायरमध्ये अर्धा तास फुल हीटवर. बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी वर्गात अवाक्षर न काढता सगळ्याच मुलांची दप्तरं लांब लांब ठेवायला लावली, कोणाला काही कळलं नाही. त्या बाईंना जेवढं समजतं तेवढं तुमच्या सिस्टीमला समजत नाही! पोरगी मात्र रात्री विचारते, आई मी घाण आहे का गं. ढेकणाचा न् स्वच्छतेचा संबंध नसतो हे तिला मी समजावलंय, तुमच्या ऑफिसला कोण समजावणार?

आणि हो, पहिल्या वेळी तुमचा माणूस वरचे पैसे घेऊन धुराचा डबा फोडायला बघत होता, तो धूर फटीत पोचतच नाही हे मला माहीत होतं म्हणून वाचले.

आज तिसावा दिवस आहे, परत लिहिते. शनिवारपर्यंत दुसरी व्हिजिट करा, गादी आणि पलंगाच्या फटी उघडून बघणारा माणूस पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही नाही झालं तर हेच पत्र पालकांच्या ग्रुपवर जाईल आणि तिथे दप्तरं सगळ्यांकडेच आहेत. तुमचं नाव मीच चार घरांना सुचवलं होतं, त्याची आता लाज वाटते.

फोन करू नका, ईमेलवर लिहून द्या. म्युझिक ऐकून झालंय.