देवबागच्या सहलीबद्दल आठवण

मंडळी, शुक्रवारी रात्री कोकणकन्याने निघायचं आहे. कुडाळला उतरून मालवणमार्गे देवबाग. तिकिटं ज्याची त्याने जवळ ठेवावीत.

दोन दिवस भरगच्च कार्यक्रम मुद्दामच ठेवलेला नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथे नुसतं बसून राहिलं तरी जीव निवतो.

गळ टाकायची हौस असलेल्यांनी तंगूस (गळाची नायलॉन दोरी), दोन-तीन गऱ्या (गळाचे आकडे) आणि वजनाला शिसं आणावं. आमिषाला कोलंबी तिथेच घेऊ. भरतीचं पाणी चढू लागलं की किनाऱ्याजवळ मासा येतो, म्हणून वेळ भरती पाहूनच ठरेल, आणि ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. खाडीकडे तांबोशी, गोबरा लागू शकतो. शिंगाळा लागला तर हाताने धरू नका. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन्ही काटे विषारी असतात. आधी पक्कड घ्या. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

बोटाएवढी पिल्लं परत पाण्यात सोडायची. तुटलेली तंगूस वाळूत टाकायची नाही, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं चालू असेल तिथे गळ नको, ते मच्छीमारांचं पोट आहे. बोलावलं तर दोराला हात मात्र जरूर लावा.

संगमाच्या टोकाला ओहोटीत पाण्याला फार ओढ असते. तिथे कुणीही, पोहता येत असलं तरी, उतरायचं नाही.

जेवणात शाकाहारी किती, ते बुधवारपर्यंत कळवा.