मांडण्यांच्या टिपणाबद्दल बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

परम्युटेशनवरचं, म्हणजे वस्तूंच्या वेगवेगळ्या क्रमांच्या मांडण्या मोजण्यावरचं, तुमचं टिपण गणित शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या हातात फिरून पार जीर्ण झालंय. तोंडी आभार मानले असते तर दोन वाक्यांत उरकले असते. म्हणून हे जाहीर पत्र. टिपणातलं नेमकं काय उपयोगी पडतं ते यात लिहितोय, म्हणजे ज्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही त्यांचंही काम होईल.

पहिल्या पानावर तुम्ही एकही सूत्र दिलेलं नाही. फक्त एक प्रश्न आहे: कोणत्या दोन मांडण्या एकच धरायच्या? आणि खाली ‘कटकट’ हा शब्द. चारही अक्षरं वेगळी असती तर ४ × ३ × २ × १ = २४ मांडण्या झाल्या असत्या. पण दोन ‘क’ची आपसात अदलाबदल केली तरी शब्द तोच राहतो, दोन ‘ट’चंही तसंच. म्हणजे त्या २४ मध्ये प्रत्येक शब्द २ × २ = ४ वेळा आलेला असतो. २४ ÷ ४ = ६. मग तुम्ही ते सहाही लिहून दाखवलेत: ककटट, कटकट, कटटक, टककट, टकटक, टटकक. ‘भागायचं का, वजा का करायचं नाही?’ हा प्रश्न वर्गात दरवेळी येतो आणि त्याला ही यादी पुरते.

लगेच खाली ‘कडकडाट’ देऊन तुम्ही सापळा लावलाय. घाईत दोन ‘क’, दोन ‘ड’ दिसतात आणि उत्तर येतं ३०. पण काना-मात्रेसकट अक्षर हा एक नग धरला तर ‘ड’ आणि ‘डा’ वेगळे. सारखे फक्त दोन ‘क’, म्हणून १२० ÷ २ = ६०. नग कोणता हे उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहायचंच, हा तुमचा आग्रह आता आमचाही झालाय.

सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते सात जणांच्या रांगेचं पान. त्यातले तीन जण अ, ब, क. ते तिघं एकत्र हवेत, तर त्यांचा एक गठ्ठा बांधायचा. गठ्ठा आणि उरलेले चार मिळून पाच नग, ५! (म्हणजे ५ × ४ × ३ × २ × १) = १२०. गठ्ठ्याच्या आतले तिघं ३! = ६ प्रकारे. एकूण ७२०. इथपर्यंत बहुतेकांना जमतं, फार तर आतलं ६ ने गुणायचं राहतं. खरा घोळ ‘एकत्र नकोत’ म्हटल्यावर होतो. सात जणांच्या एकूण रांगा ७! = ५०४०, म्हणून ‘तिघं एका गठ्ठ्यात नकोत’ म्हणजे ५०४० − ७२० = ४३२०. यात दोघं शेजारी आणि तिसरा लांब, अशा रांगाही मोडतात. पण ‘त्यांच्यातले कोणतेही दोघं शेजारी नकोत’ म्हटलं की वजाबाकीचं काम संपलं. आता उरलेल्या चौघांना आधी उभं करायचं, ४! = २४. त्यांच्यामध्ये आणि दोन्ही टोकांना मिळून पाच फटी तयार होतात. त्यांत तिघांना एकेका फटीत उभं करायचं, ५ × ४ × ३ = ६०. उत्तर १४४०. टोकाच्या फटी विसरल्या तर फटी तीनच उरतात आणि १४४ येतं. चुकलेल्या वह्यांत हा आकडा हमखास सापडतो.

यावर तुम्ही दिलेला पडताळा आम्हाला फार आवडतो. नेमके दोघंच शेजारी अशा रांगा वेगळ्या मोजा: जोडी क्रमासह ६ प्रकारे, ती जोडी आणि एकटा राहिलेला वेगवेगळ्या फटींत ५ × ४ = २० प्रकारे, बाकीचे चौघं २४ प्रकारे. गुणाकार २८८०. आता ७२० + १४४० + २८८० = ५०४०, बेरीज चोख जुळते. तीन प्रकार तीन वेगळ्या वाटांनी मोजून एकूण बरोबर येत असेल, तर उत्तरपत्रिका बघायची गरजच काय?

शून्याच्या पानाबद्दल थोडक्यात. ० ते ४ हे अंक एकदाच वापरून पाच अंकी सम संख्या किती? ज्या जागेवर बंधन जास्त ती आधी भरा, हा नियम खरा, पण इथे बंधन दोन टोकांना आहे आणि दोन्हीकडे शून्याचा संबंध येतो. म्हणून तुम्ही सरळ दोन भाग केलेत. एककस्थानी ० असेल तर २४. तिथे २ किंवा ४ असेल तर पहिल्या जागेला तीनच अंक उरतात, २ × ३ × ६ = ३६. एकूण ६०. विषम संख्या ३६, दोन्ही मिळून ९६, आणि थेट ४ × ४! केलं तरी ९६.

वर्तुळाचं पान मात्र या टिपणाचा कळस आहे, असं आमचं मत. गोल टेबलाभोवती सहा जण म्हणजे ५! = १२०, हे पाठ असतं. खुर्च्यांना नंबर असतील तर फिरवलेली मांडणी वेगळी ठरते आणि उत्तर ७२० होतं. सहा वेगळ्या मण्यांची माळ उलटवताही येते, म्हणून ६०. पुस्तकं बहुधा इथे थांबतात. तुम्ही पुढे दोन लाल आणि दोन निळे मणी वर्तुळात ठेवलेत, फक्त फिरवायला परवानगी. सरळ रेषेत ६ मांडण्या, चार फिरवण्यांनी भागलं तर दीड! अर्धी मांडणी कुठून आली? लाल-लाल-निळा-निळा फिरवली की चार वेगळी रूपं दिसतात. लाल-निळा-लाल-निळा मात्र दोन घरं सरकली की पुन्हा पहिल्यासारखीच होते, तिची रूपं दोनच. ४ + २ = ६, आणि खऱ्या मांडण्या २. प्रत्येक मांडणी सारख्याच वेळा मोजली गेली असेल तरच भागाकार चालतो. ‘कटकट’मध्ये प्रत्येक शब्द चार वेळा येत होता, म्हणून तो चालला. पहिल्या पानावरचा प्रश्न तिथे का होता, ते इथे कळतं.

असं अडलं की बर्नसाइडच्या नावाने ओळखला जाणारा नियम कामी येतो. प्रत्येक फिरवण्यात जशाच्या तशा राहणाऱ्या मांडण्या मोजून सरासरी काढायची. न फिरवता ६, पाव फेऱ्यात ०, अर्ध्या फेऱ्यात २, पाऊण फेऱ्यात ०. बेरीज ८, भागिले ४, उत्तर २.

यादी हाताने करताना एखादी मांडणी निसटते, यावर तुम्ही दिलेला उपाय नारायण पंडितांचा आहे. त्यांच्या १३५६ च्या ‘गणित कौमुदी’त मांडण्यांचा सविस्तर विचार आहे आणि पुढची मांडणी काढायची ही रीत त्यांच्यापर्यंत मागे नेली जाते. समजा २४३१ वर आहोत. उजवीकडून डावीकडे येत, आपल्या उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असा पहिला अंक शोधा: २. त्याच्या उजवीकडच्या अंकांत २ पेक्षा मोठा, पण सगळ्यात लहान: ३. अदलाबदल करा: ३४२१. आता ३ नंतरची शेपूट उलटवा: ३१२४. शेपूट उलटवायची राहिली तर मधल्या पाच मांडण्या गायब होतात. अंक सारखे असतानाही हीच रीत चालते. फक्त अदलाबदलीसाठी सारख्यांपैकी सगळ्यात उजवीकडचा घ्यायचा.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तल्या अंकपाशाचा (अंकांच्या मांडण्यांवरच्या प्रकरणाचा) पडताळाही मुलांना भावतो. ३, ८, ९ यांच्या सहा संख्या. अंकांची बेरीज २०, प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक दोनदा येतो, म्हणून ४० × १११ = ४४४०. लिहिलेल्या यादीची बेरीज एवढी आली नाही तर काहीतरी सुटलंय किंवा दोनदा आलंय. (शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू, ३६,२८,८०० रूपं, हे उदाहरणही तिथलंच.)

तुमच्या टिपणात नसलेलं एक पान आम्ही सोबत जोडतोय: चार पत्रं, चार लिफाफे, एकही पत्र आपल्या लिफाफ्यात नको. क्रमाने गुणाकार करत गेलं की हे अडतं, कारण पहिलं पत्र दुसऱ्या लिफाफ्यात गेलं तर दुसऱ्या पत्राला तीन पर्याय उरतात, नाहीतर दोनच. म्हणून एकूणातून बरोबर पडलेली पत्रं वजा करत आणि जास्तीची वजाबाकी परत मिळवत जायचं: २४ − २४ + १२ − ४ + १ = ९. पाच पत्रांना ४४, सहाला २६५. एकूण मांडण्यांशी त्यांचं प्रमाण ०.३६६७, ०.३६८१ असं ०.३६७९ च्या आसपास स्थिरावतं. नऊच्या नऊ मांडण्या त्या पानावर लिहिल्या आहेत. वेळ मिळेल तेव्हा पान तपासा आणि हक्काने लाल पेन चालवा.

आपले,
हे टिपण वर्गात वापरणारे गणिताचे शिक्षक