जेफ बेक यांच्या गिटारमधील गायकी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक यांच्या ‘ब्लो बाय ब्लो’ या अल्बमविषयीचे टिपण वाचले. मार्च १९७५ मध्ये आलेल्या आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या या शब्दविरहित ध्वनिमुद्रिकेची मराठी वृत्तपत्राने दखल घ्यावी, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र रॉक वादकाने जॅझच्या प्रांतात शिरून केलेली बोटांची कसरत, असा जो निकाल टिपणकारांनी दिला आहे, तो मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडची प्रत मला जुन्या बाजारात एका रविवारी मिळाली. तिच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभीच ओरखडा आहे आणि त्या चरचरीतूनच ‘कॉज वी हॅव एण्डेड ॲज लव्हर्स’ ही अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर यांची रचना वर येते. तार छेडताना गिटारवरची आवाजाची कळ मिटलेली ठेवायची आणि मग करंगळीने ती हळूहळू उघडायची, ही बेक यांची येथली रीत आहे. त्यामुळे छेडल्याचा आघात ऐकू न येता श्वास सोडल्यासारखा सूर उमलतो आणि पुढे तार ओढून ते पुढच्या सुरावर असे जातात, की सतारीवरची मींड ऐकलेल्या कानाला त्यात काहीही परके वाटू नये. हीच रीत वापरणारे अमेरिकन गिटारवादक रॉय ब्यूकॅनन यांना बेक यांनी ही रचना अर्पण केली आहे. विलायत खाँसाहेबांच्या सतारीला, ती गळ्यासारखी गाते म्हणून, आपण गायकी अंग म्हणतो; येथे दुसरा शब्द मला सुचत नाही.

ज्यांच्या १९६८ च्या ‘ट्रूथ’ या अल्बममध्ये रॉड स्ट्युअर्ट यांच्यासारखा गळा होता, त्या वादकाने पुढे गायकच बाजूला ठेवून गाण्याची सारी जबाबदारी तारांवर टाकली, हा मला या अल्बममधला खरा प्रयोग वाटतो. बीटल्सचे ‘शीज अ वुमन’ वाजवताना तर ते गिटारचा आवाज वाहून आणणारी नळी तोंडात धरून गिटारच्या आवाजाला ओठांचा आकार देतात.

वेग येथे आहेच, तो मी नाकारत नाही. पण ‘स्कॅटरब्रेन’ या रचनेतली नऊ मात्रांची मोजणी बोटांवर धरून बसल्यास रिचर्ड बेली यांचे ड्रम आणि फिल चेन यांचा बास गिटार किती घट्ट बांधलेले आहेत हे जाणवते, आणि त्या धावपळीवर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी व्हायोलिनचा ताफा पसरला आहे. मार्टिन यांनी त्याआधी, १९७४ मध्ये, गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक वाद्यवृंदाचा ‘अपोकॅलिप्स’ हा अल्बम केला होता. बेक त्यांच्याकडे गेले यात नवल नाही.

टिपणात मार्टिन यांचा उल्लेख नाही, तसाच बेली, चेन आणि विशेषतः मॅक्स मिडलटन यांचाही नाही. मिडलटन यांचा कीबोर्ड या ध्वनिमुद्रिकेत जागोजाग बेक यांना स्वर भरून देतो, अगदी ख्यालाच्या मैफलीत पेटीवाला देतो तसा. साथीदारांचे नाव न घेता मैफलीचा वृत्तान्त छापण्याची पुण्यात पद्धत नाही. त्यामुळे पुढच्या पुरवणीत निदान ही चार नावे छापावीत, अशी माझी आपणांस विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सदाशिव पेठ, पुणे