तिसरा भाग, दुसऱ्यांदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एका लेखात वाचलं की फँटसी म्हणजे पोराटोरांचं वाचन आणि एकदा शेवट कळला की ती पुस्तकं रद्दीत घालायला मोकळे. मला ते फार लागलं म्हणून लिहितेय. इंग्रज लेखक जो अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या 'फर्स्ट लॉ' या फँटसी त्रयीचा शेवटचा भाग, 'लास्ट आर्ग्युमेंट ऑफ किंग्ज', मी याच महिन्यात दुसऱ्यांदा वाचून संपवला आणि शेवट आधीच माहीत होता म्हणूनच या वेळी तो मला नीट कळला. (पुढे शेवट सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी पत्र इथेच सोडा.)

तिन्ही भाग इंग्रजीत 2006, 2007 आणि 2008 साली आले. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, दिवसभर वेळच वेळ. आमच्या वाचनालयात पहिले दोन होते, तिसरा नव्हताच, तो मैत्रिणीकडून आणून दोन रात्रीत संपवला आणि इतका राग आला की काय सांगू. लोगन नावाचा तो नऊ बोटांचा लढवय्या, दोन भाग सुधारायचं सुधारायचं म्हणतो आणि शेवटी भान सुटल्यावर आपल्याच बाजूच्या माणसाला मारतो. जेझल नावाचा तरुण लष्करी अधिकारी राजा होतो पण नावापुरता. वेस्ट, त्यातल्या त्यात सरळ माणूस, कष्टाने मोठ्या पदावर पोचतो आणि जादूगाराने शहर वाचवायला जे अस्त्र वापरलं त्याच्याच आजाराने झिजत जातो. आणि तो जादूगार बायाझ, टक्कल पडलेला, थट्टेखोर, आजोबांसारखा वाटणारा, तोच सगळ्यांच्या मानेवर बसलेला निघतो. मला वाटलं लेखकाने फसवलं.

आता मी एका बँकेच्या वसुली खात्यात आहे, बारा वर्षं झाली. रोज ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून वाशीची गाडी, सीट मिळाली तर अर्धा तास वाचन होतं. या वेळी मी पहिल्या भागापासून सुरुवात केली आणि ऐरोली यायच्या आत एका जागी थबकले. व्हॅलिंट अँड बाल्क नावाची बँक आहे त्यात. पहिल्या वाचनात ते नाव डोळ्यांखालून नुसतं गेलं होतं. ग्लोक्टा, म्हणजे तो लंगडा छळाधिकारी, व्यापाऱ्यांच्या भानगडीचा तपास करत करत या बँकेच्या दारापर्यंत येतो आणि तिथे तपास थांबवला जातो. दुसऱ्या भागात तो वेढा पडलेल्या शहरात अडकलेला, तिजोरीत खडखडाट, आणि बँकेचा माणूस येऊन दहा लाख मार्क (तिथलं नाणं) देऊ करतो. तारण नाही, हप्ता नाही, पुढेमागे एखादं काम सांगू तेवढं करा. अहो, माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं! तारण न मागता एवढी रक्कम देणारा काय मागणार हे आमच्या खात्यातला कालचा शिकाऊ पोरगाही सांगेल. तिसऱ्या भागात ते मागणं येतंच, बायाझची चौकशी सोड म्हणून, आणि मग कळतं की बँकच बायाझची आहे.

म्हणजे लेखकाने काहीही लपवलेलं नाही. सगळं पहिल्यापासून टेबलावर मांडलेलं आहे. मीच तलवारींकडे बघत होते.

आमच्याकडे गेल्या वर्षी एक काका आले होते, भाच्याच्या लोनला जामीनदार राहिलेले. दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली नोटीस काढली, हाताने सारखी सारखी सपाट करत होते. मी विचारलं, सही करताना वाचलं होतं का, तर म्हणाले, मॅडम, घरचाच माणूस होता हो, इथे करा म्हणाला, केली. जेझलच्या शेवटच्या प्रकरणांत मला सारखे ते काका दिसत होते. जेझलला वाटतं आपण राजाचं रक्त, म्हणून गादी मिळाली, आणि बायाझ एका संध्याकाळी शांतपणे सांगतो की तुला मी पैसे देऊन विकत घेतलंय, राजाबिजाशी तुझा काही संबंध नाही. पहिल्यांदा वाचताना मला जेझलचा संताप आलेला, किती भित्रा म्हणून. या वेळी नाही आला.

पुस्तकाच्या नावाचंही तसंच. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या तोफांवर लॅटिनमध्ये कोरून घेतलं होतं, राजांचा शेवटचा युक्तिवाद, म्हणजे बोलणं संपलं की तोफ. पुस्तकात लढाया भरपूर आहेत, राजधानीही अर्धी उद्ध्वस्त होते, पण ज्याच्याकडे कर्जाचे कागद आहेत त्याच्यापुढे राजाचं काही चालत नाही.

असे कडू शेवट आपल्याला झेपत नाहीत असंही त्या लेखात होतं. मला हे अजिबात पटत नाही. महाभारत आपलंच ना? झोपलेल्यांना मारणारा अश्वत्थामा आहे, एकमेकांना एरका गवताने मारणारे यादव आहेत, आणि मौसलपर्वात अर्जुनासारख्या अर्जुनाला आभीरांपासून बायकांना वाचवता येत नाही, गांडीव असून. माझे सासरे ते पर्व दर चातुर्मासात वाचायचे, शेवट माहीत असून, आणि त्यांना कोणी म्हणालं नाही की आता रद्दीत घाला.

ग्लोक्टाबद्दल एवढंच, की त्याला सगळ्यात जास्त तिटकारा जिन्यांचा असतो. आमची नौपाड्यातली बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, सासूबाई एक पाय टाकून दुसरा त्याच पायरीवर आणतात, मग थांबतात, कठड्याला धरलेला हात पांढरा पडतो. त्याची ती पानं मी पूर्वी भराभर उलटली होती. आता एकेक ओळ वाचली.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी असल्या पुस्तकांवर ती वाचलेल्या माणसाकडून लिहून घ्या आणि मराठीत अशी भाषांतरं यावीत म्हणून प्रकाशकांच्याही मागे लागा. 1893 सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या ठाण्यात वाचक मिळणार नाहीत असं मला कोणी सांगू नये. तिसऱ्या भागाची माझी प्रत मी शनिवारी आमच्या वाचनालयात नेऊन दिली. पहिले दोन अजून तिथे आहेत, एकाची बांधणी सुटलीय, दुसऱ्यावर चहाचा डाग आहे, पण आहेत. आता तिन्ही एका कप्प्यात आहेत.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे