मूरच्या रिव्हॉल्व्हरची ओळख पटवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

त्या छोट्या पितळी रिव्हॉल्व्हरबद्दल तुम्ही सविस्तर टिपण लिहून पाठवलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय. अमेरिकेत जुन्या घरांचं सामान लॉटने घेणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाती अशी एखादी वस्तू कधीतरी येतेच, आणि तुमच्या टिपणातलं बरंचसं त्यांच्याही कामाचं आहे.

अशी वस्तू हाती आली की बहुतेक जण नळीवरची अक्षरं वाचायला घेतात. तुम्ही आधी सिलिंडरची मागची बाजू बघायला लावलीत, आणि निम्मी ओळख तिथेच पटली. काडतुसाची सहा घरं, पण एकही मागून आरपार उघडं नाही. प्रत्येकाच्या मागे फक्त एक बारीक गोल भोक. याचं कारण पेटंटमध्ये आहे. आरपार भोकं पाडलेल्या सिलिंडरचं पेटंट रोलिन व्हाइटला ३ एप्रिल १८५५ रोजी मिळालं. ते वापरायचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे होता आणि दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट व्हाइटला जात. १८६९ मध्ये पेटंट संपेपर्यंत बाकीच्या कारखानदारांची वाट बंद होती. ब्रुकलिनच्या मूर कंपनीने डेव्हिड विल्यमसनच्या पेटंटवर त्यातून पळवाट काढली. काडतूस पुढून घालायचं, त्याच्या बुडाला स्फोटक भरलेली छोटी बोंडी, ती मागच्या भोकातून बाहेर डोकावते आणि घोडा थेट तिच्यावर पडतो. म्हणून हे ‘टीट-फायर’ (टीट म्हणजे बोंडी), ३२ कॅलिबर, नळी सव्वातीन इंच, स्पर ट्रिगर (भोवती कडी नसलेला चाप), फ्रेम पितळी आणि तिच्यावर चांदीचा मुलामा. एकूण साधारण तीस हजार निघाली असावीत असं मानतात, म्हणजे वस्तू विलक्षण असली तरी दुर्मीळ नाही. हे तुम्ही पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. ‘विचित्र म्हणजे महाग’ या समजुतीने भलभलत्या किमती डोक्यात बसतात.

त्याच काळातल्या प्लँट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरशी होणारी गल्लतही तुम्ही सोडवलीत. तेही पुढूनच भरायचं, पण त्याच्या काडतुसाचं बूड वाटीसारखं आत वळलेलं असतं, त्यामुळे मागचं भोक मोठं आणि घोड्याचं नाक त्यात शिरेल असं. स्लोकमचं तर बाजूने भरायचं, घरांवर सरकत्या नळ्या. तिन्ही त्याच पेटंटला बगल देणारी, पण मागून पाहिलं की गोंधळ उरत नाही. आणि सिलिंडरवर कोरलेली ५ जानेवारी १८६४ ही विल्यमसनच्या पेटंटची तारीख आहे, बनवल्याची नव्हे. बंदूक त्यानंतर केव्हाचीही असू शकते. मूरचा धंदा पुढे नॅशनल आर्म्सकडे गेला आणि ती कंपनी १८७० मध्ये कोल्टने घेतली.

आता सगळ्यांत मोलाची सूचना. सिलिंडरच्या मागे बोंडी दिसली तर आत काडतूस आहे, रिकामं असेल किंवा भरलेलंही. घर मोकळं करायला मागून सळई किंवा खिळा घालू नये, कारण तो नेमका घोडा जिथे आपटतो तिथेच टेकतो. तेलात बुडवून ठेवलं म्हणजे दारू मेली, असंही धरून चालू नये. नळी कुणाकडेही, स्वतःकडेही न रोखता, बाजूला राहून सिलिंडरची पुढची बाजू बॅटरीच्या उजेडात तिरकी पाहावी. घरात शिशाची गोळी दिसली तर वस्तू तशीच जाणत्या गनस्मिथकडे न्यावी. हौस म्हणून रिकामा घोडा पाडून बघणंही बंद. सुटी काडतुसं सापडली तर तीही गनस्मिथला दाखवावीत, फेकू नयेत. त्यांचे संग्राहक वेगळे आहेत.

दुसरी सूचना पॉलिशबद्दलची. आपल्याकडे पितळ दिसलं की हात पितांबरीकडे जातो! फ्रेमवर जो काळपटपणा दिसतो तो पुष्कळदा मळ नसून काळवंडलेली मूळ चांदी असते. घासून पिवळं लख्ख केलं की चांदीबरोबर किंमतही गेली. तुम्ही दाखवलेल्या जागा अचूक होत्या: मुठीच्या कडेला लागून आणि वेलबुट्टीच्या खोलगट रेघांत चांदी टिकते. पोलादी भागाला तेलाचा पातळ हात, बस्स. पोलादावरचा निळा रंग नव्याने चढवलेला कसा ओळखायचा तेही लिहिलंत. गंजाच्या खड्ड्यांच्या आतही रंग दिसतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूभोवतीची जागा किंचित खोलगट होते. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी आत हात घातलेला आहे, मग नंबर दिसतील तिथे तिथे जुळवून बघायचे.

किमतीचं तर तुम्ही फारच नेटकं मांडलंत. एनआरएच्या (अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या) जुन्या शस्त्रांसाठीच्या प्रतवारीत ‘एक्सलंट’ला ८० टक्क्यांवर मूळ फिनिश (मुलामा किंवा रंग) लागतं, ‘फाइन’ला ३० टक्क्यांवर, आणि ‘व्हेरी गुड’मध्ये शून्य ते ३०. या वस्तूत निम्मी चांदी आहे, म्हणजे ‘फाइन’. पण सिलिंडरपुढचा काडतूस ओढून काढायचा हूक मोडलेला, म्हणून भाव खाली. तुम्ही एकच आकडा न देता तीन दिलेत: विम्यासाठी, लिलावात प्रत्यक्ष मिळेल तो, आणि दुकानदार रोख देईल तो. तिसरा सगळ्यांत कमी, हे ऐकून काहींना वाईट वाटतं, पण दुकानदाराला त्यातून स्वतःचा खर्चही काढायचा असतो. मागितलेल्या किमती न बघता विकल्या गेलेल्या बघाव्यात आणि लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते तपासावं, हेही पटलं. अमेरिकन यादवी युद्धातल्या अधिकाऱ्याची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट कागदाशिवाय एका डॉलरचीही नाही. शाबास!

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ॲंटीक धरतात, राज्यांचे नियम मात्र निरनिराळे. पण कुणी ते भेट म्हणून पुण्याला न्यायचा विचार करत असेल तर तुमचा इशारा लक्षात ठेवावा. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसतं जुनं असून भागत नाही. ते दुरुस्त करूनही चालू शकेल का, हे बघितलं जातं. परवान्याशिवाय बॅगेत घालायची ही वस्तू नव्हे.

त्या मोडलेल्या हुकाच्या जागी नवी ओतीव नक्कल बसवायची नाही, हे तुमचं म्हणणं आम्ही मानलं. तुमच्या ओळखीत कुठे मोडक्या मूरचा मूळ हूक निघाला तर जरूर कळवा.

आपले,
अमेरिकेतले काही हौशी संग्राहक