गगनयानाची तारीख भाषणात ठरू नये

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार

महोदय,

2022 पर्यंत भारतीय माणूस तिरंगा घेऊन अंतराळात जाईल, अशी घोषणा 15 ऑगस्ट 2018 रोजी लाल किल्ल्यावरून झाली. हीच गगनयान मोहीम. 2022 सरले, पुढच्या तारखाही टळल्या. विरोधक उशिराचा जाब विचारतात आणि सरकार नवी तारीख देते. या ओढाताणीची मला भीती वाटते.

21 ऑक्टोबर 2023 ची सकाळ आठवा. श्रीहरिकोट्यात गगनयानाच्या चाचणीची उलटगणती शेवटच्या पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने उड्डाण रोखले. दोष शोधून दहा वाजता यान उडाले. सुटका यंत्रणेने अंतराळवीरांसाठीची कुपी रॉकेटपासून अलगद बाजूला नेली, पॅराशूट उघडली. मात्र नौदलाने समुद्रातून कुपी काढली तेव्हा ती उलटी तरंगत होती. आत माणसे असती तर पट्ट्यांना उलटी लटकली असती! चाचणी यशस्वी होतीच, पण त्या उलट्या कुपीची गोष्टही सरकारने तितक्याच ठळकपणे सांगायला हवी होती.

चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, जानेवारी 1986 मध्ये, थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्या दगा देतील असे अभियंत्यांनी बजावले होते. कुणी ऐकले नाही. यान आकाशातच फुटले, सात जण गेले.

सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून एकूण निधी 20,193 कोटी रुपयांवर नेला. हा खर्च मला खुपत नाही. माणसांऐवजी यंत्रे पाठवा, हा आक्षेपही पोरकट नाही. त्यावर संसदेत दिवसभर चर्चा व्हावी. पण त्यासाठी खासदारांच्या हाती चार ओळींच्या लेखी उत्तरापेक्षा जास्त काही पडायला हवे.

अपोलो या अमेरिकी चांद्रमोहिमेच्या यानाला 1967 मध्ये लागलेल्या आगीनंतर अमेरिकी काँग्रेसने कायदा करून नासासाठी स्वतंत्र सुरक्षा सल्लागार मंडळ नेमले. त्याचा वार्षिक अहवाल आजही कुणालाही वाचता येतो. इस्रोतले अंतर्गत आढावे कडक असतात, याबद्दल मला शंका नाही. तरीही इस्रोबाहेरच्या जाणकारांचे, थेट संसदेला उत्तरदायी असलेले मंडळ आपल्याकडेही हवे. प्रत्येक मानवरहित उड्डाणात काय बिघडले ते त्याने जाहीर करावे, आणि त्याच्या सहीशिवाय एकही अंतराळवीर यानात बसू नये. तोवर कोणत्याही मंत्र्याने व्यासपीठावरून तारीख देऊ नये, आपणही नाही.

पुढच्या अधिवेशनात असे विधेयक आपण मांडाल का?

आपला,
एक नागरिक